झाकली मूठ

जगात दात्यांचे कौतुक फार. गावाला विहीर बांधून देणाऱ्याचे नाव दगडावर कोरतात, औषध शोधून सगळ्यांना वाटणाऱ्याचे चरित्र शाळेत धडा म्हणून लावतात. हाती आलेली चांगली वस्तू नेटाने, पिढ्यान्‌पिढ्या, कोणालाही न देणाऱ्यांना मात्र कोणी नारळसुद्धा देत नाही. वास्तविक देणे सोपे आहे. मूठ उघडली की काम संपले. न देण्याला मनोनिग्रह लागतो, घरात एकी लागते, नोकर विश्वासू लागतात, आणि समोर बाई मरत असताना चेहऱ्यावरची रेष न हलू देण्याचे बळ लागते. इंग्लंडातल्या चेंबरलेन घराण्याने हे सगळे चार पिढ्या सांभाळले. प्रसूतिशास्त्राचा इतिहास लिहिणारे त्यांच्याविषयी जरा कुजकटच बोलतात. हा अन्याय कोणीतरी दूर करायला हवा होता.

या घराण्यापाशी होता एक चिमटा. पळीसारखा बाक दिलेली लोखंडाची दोन पाती, मध्ये पोकळ. एकेक पाते बाळाच्या डोक्याच्या एकेका बाजूने आत सरकवायचे, मग बाहेर दोन्हींचे दांडे एकमेकांत अडकवायचे, आणि कळ आली की तिच्या जोडीने ओढायचे. बस. यात गहन असे काही नाही, आणि अडचण नेमकी तीच होती. गहन गोष्ट चव्हाट्यावर ठेवली तरी सुरक्षित राहते. वेदान्त चोरीला गेल्याची फिर्याद आजवर कोणी केलेली नाही. चिमटा मात्र एकदा दिसला की कुठलाही बरा लोहार दुसऱ्या दिवशी तसाच घडवून देईल. पाहताक्षणी कळणारी वस्तू राखायची तर ती कोणाच्या दृष्टीसच पडता कामा नये. सोन्याचांदीची राखण यापेक्षा कितीतरी सोपी.

तो काळ म्हणजे सोळाव्या शतकाची अखेर. बाळंतपण हे तेव्हा इंग्लंडात पूर्णपणे बायकांचे राज्य होते. सुईण, तिच्या हाताखालची, शेजारणीपाजारणी, पोटुशीची आई नाहीतर बहीण, एवढ्या जणी खोलीत आणि नवरा बाहेर. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कुलपाच्या भोकातसुद्धा बोळा, आणि आत विस्तव. बाळंतिणीला द्यायला ओटची पेज, तिच्यात वाइन नाहीतर एल नावाची बिअर, वर साखर नि मसाले. हे कढत पेय तिच्याइतकेच, किंबहुना जरा जास्तच, शेजारणींच्या पोटात जाई. महिनाभर बाई खोलीत, मग चर्चमध्ये जाऊन रीतसर आभारप्रार्थना, की झाली ती संसाराला मोकळी. शेगडीच्या धगीत बाळंतशेपा चावत सव्वा महिना काढलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही आजीला त्या खोलीत बसवले असते तर तिने फक्त पेजेचा वास घेऊन नाक मुरडले असते.

तान्ह्याला पहिले काही दिवस आईच्या अंगावर घेत नसत. पहिला चीक दूषित, ही विद्वानांची खात्री. तो पिळून टाकायचा आणि बाळाला बदामाचे तेल, लोणी, साखर असे काहीबाही चाटवून आधी त्याचे पोट साफ करायचे. भूक लागून ते रडले तर आतली घाण निघते आहे असे समजायचे. यात परक्यांना हसायला आपल्याला तोंड नाही. गाईचा चीक आपण मागून आणला, वर वेलची-जायफळ पेरून त्याचा खरवस केला. आईचा चीक मात्र बाळाला बाधेल म्हणून पिळून टाकला आणि बाळाला मध चाटवला. एकाच पदार्थाविषयी दोन शास्त्रे इतकी वर्षे एकाच स्वयंपाकघरात भांडण न करता नांदली, हे काही थोडे नाही.

बहुतेक बाळंतपणे सुईणीच्या हाती सुखरूप होत. पायाळू मूल, आडवे मूल हेही जाणत्या सुईणीला नवे नव्हते. फ्रान्सच्या राणीची सुईण लुईझ बूर्झ्वा हिने 1601 साली तेराव्या लुईला जगात आणले आणि 1609 साली आपल्या अनुभवाचे पुस्तकही छापले. छापले, म्हणजे कोणीही विकत घ्यावे आणि वाचावे असे केले. बाईमाणूस, व्यवहार कळत नसावा.

खरा प्रश्न यायचा तो डोके खाली येऊन हाडांत रुतून बसले की. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस कळा. मग नाइलाजाने शल्यविशारदाला बोलावणे जाई आणि तो आकडा घेऊन येई. मूल तुकड्यांनी काढणे एवढीच त्याची विद्या. त्यामुळे दारात पुरुष दिसला की खोलीतल्या बायका काय ते समजत. 1567 साली एलिनॉर पीड नावाच्या सुईणीने कँटरबरीच्या आर्चबिशपपुढे शपथ घेऊन परवाना मिळवला, ती शपथ आजही वाचायला मिळते. बाईला मुलाच्या बापाचे खोटे नाव सांगू देणार नाही, जादूटोणा करणार नाही, मूल बदलणार नाही, बाप्तिस्म्याला स्वच्छ साधे पाणीच वापरीन. आणि या सगळ्यांच्या जोडीला, मुलाचे डोके तोडणार नाही, त्याचे अवयव कापणार नाही, हेही कलम. अडलेल्या बाळंतपणात शेवटचा उपाय काय होता, हे या एका कलमावरून कळते. उपाय करायची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हेही.

शास्त्र गप्प बसले होते असे कोणी समजू नये. जर्मनीत युखारिउस रोसलिन या वैद्याने 1513 साली गर्भवतींसाठी आणि सुईणींसाठी पुस्तक छापले. 1540 साली ते इंग्रजीत आले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे खपत राहिले. सुईणींच्या निष्काळजीपणावर त्यात कडक ताशेरे आहेत. त्या काळात पुरुषाला त्या खोलीत सहसा पाऊल टाकता येत नसे, हे लक्षात घेतले तर या ताशेऱ्यांतला आत्मविश्वास नजरेत भरतो. मजकुराचा मोठा भाग चौदाशे वर्षांपूर्वीच्या सोरेनस या ग्रीक वैद्याच्या शिकवणीतून हस्ते परहस्ते आलेला. चित्रांतला गर्भ म्हणजे हातीपायी धडधाकट असा छोटा गृहस्थ; ऐसपैस जागेत तो कधी उभा राहतो, कधी हात पसरून तरंगतो. अडण्याचा प्रश्नच त्या जागेत उद्भवत नाही.

तर अशा वेळी, 1569 साली, विल्यम चेंबरलेन हा फ्रान्समधला प्रोटेस्टंट धर्मछळाला भिऊन बायकामुलांसह इंग्लंडात पळून आला. त्याच्या दोन मुलांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. दोघांचेही नाव पीटर. थोरला पीटर आणि धाकटा पीटर. दोघेही शल्यविशारद, दोघेही बाळंतपणे करणारे. चिमट्याचे श्रेय बहुधा थोरल्याकडे जाते, पण शपथेवर सांगेल असा अभ्यासक मिळणे कठीण. पुढच्या पिढीत आणखी एक पीटर आला, त्याच्या पुढे एक ह्यू, आणि ह्यूच्या पोटी पुन्हा ह्यू. गुपित फुटलेच तर निदान नेमके कोणाचे ते कळू नये, एवढी काळजी या घराण्याने बारशापासून घेतली.

थोरला पीटर मोठ्या घरांत जाणारा. राणी अ‍ॅन, पुढे राणी हेन्रिएटा मारिया ही त्याची कुळे. 1612 साली लंडनच्या वैद्यांच्या कॉलेजाने त्याला औषधे लिहून दिल्याबद्दल न्यूगेटच्या तुरुंगात टाकले. शल्यविशारदाने शस्त्र चालवावे, औषध देणे हे वैद्याचे काम. राणीच्या शब्दामुळे तो सुटला. कोणी काय करावे याच्या हद्दी वैद्यांनी केवढ्या डोळ्यांत तेल घालून राखल्या होत्या! बाई अडली होती ती या हद्दीच्या कुठल्या बाजूला, हे ठरवायचे तेवढे राहून गेले होते.

चेंबरलेन बाळंतपणाला येत तो थाट परंपरेने सांगितला जातो. बग्गीतून सोनेरी नक्षीची भलीमोठी लाकडी पेटी उतरे. दोन माणसांनी धरून ती आत न्यायची. नातेवाईक बायकांना बाहेर काढायचे, दार लावून घ्यायचे, आणि खुद्द बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. बाहेर उभ्या असलेल्यांना मग आतून लोखंडाचे, घंटांचे, नाना तऱ्हेचे आवाज ऐकू येत. पेटी एवढी मोठी आणि आत झोळीत मावेल एवढी वस्तू. ज्या बाईच्या अंगात ते हत्यार घालायचे तिलाच ते दिसता कामा नये, ही खबरदारी मला विशेष वाटते. तीन दिवसांच्या कळांनंतर ती बाई उठून थेट लोहाराकडे गेली असती तर?

आपल्याला हे सगळे अपरिचित वाटायचे कारण नाही. काविळीचे औषध अमक्या गावात तमक्या घराण्यातच आहे, हे आपण ऐकत आलो आहोत. कुठले पान, किती वाटायचे, विचारायची सोय नाही. सांगितले की औषधाचा गुण जातो. थोरली सून विश्वासातली निघाली नाही तर औषध म्हाताऱ्याबरोबर सरणावर चढते, आणि मागे राहिलेले त्याला पुण्यवान म्हणतात. चेंबरलेनांच्या चिमट्याचा गुण जाण्यासारखा नव्हता, लोखंड ते लोखंड. तरीही त्यांनी पथ्य पाळले.

धाकट्या पीटरचा मुलगा डॉक्टर पीटर. जन्म 1601, मृत्यू 1683. म्हणजे समर्थ रामदासांचा समकालीन. समर्थांनी दासबोधात साध्या मूर्खासाठी एक समास आणि पढतमूर्खासाठी वेगळा समास खर्ची घातला. डॉक्टर पीटरची त्यांच्याशी गाठ पडली असती तर तिसरा लागला असता. या गृहस्थाला 1634 साली सुईणींची कळकळ वाटू लागली. त्यांचे एक मंडळ स्थापावे, त्यांना शिक्षण द्यावे, आणि मंडळ आपल्या देखरेखीखाली असावे, असा त्याचा प्रस्ताव. लंडनच्या सुईणी उलटल्या. हेस्टर शॉ आणि श्रीमती व्हिप या दोघींच्या पुढाकाराने त्यांनी बिशपांकडे तक्रार केली. यांना सरळ बाळंतपणाचा अनुभव नाही, जे आहे ते पुस्तकातले. हे येतात ते लोखंड घेऊन, बाई अगदीच अडली की, आणि जोर लावतात. आमची विद्या रात्रंदिवस बाळंतिणीजवळ बसून येते, व्याख्यानाने नाही. असा साधारण त्यांचा रोख. प्रस्ताव बारगळला. जो मनुष्य शिकवायला निघाला होता त्याच्यापाशी शिकवण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती सोडून बाकी सगळे तो शिकवायला तयार होता. सुईणींना ही उदारता ओळखता आली नाही.

डॉक्टर खचला नाही. 1647 साली त्याने एक पुस्तिका छापली. नाव ‘अ व्हॉइस इन ऱ्हामा’; मुलांसाठी टाहो फोडणाऱ्या राहेलचा बायबलातला दाखला. विषय, बाळंतपणात हकनाक मरणाऱ्या बायकांचा आणि अर्भकांचा आक्रोश. लेखकाला तो आक्रोश ऐकवत नव्हता. सुईणींच्या अज्ञानाने बळी जातात, त्याचे रक्त कोणाच्या माथी, अशी त्याची तळमळ. ही तळमळ कागदावर उतरवत असताना चिमटा पेटीत होता आणि पेटीला कुलूप होते. लोक याला ढोंग म्हणतात. मला तसे वाटत नाही. ढोंग्याला आतून टोचणी असते. या माणसाचे दुःख खरे होते, कुलूपही खरे होते, आणि दोघांची कधी गाठ पडली नाही. एवढ्या स्वच्छ अंतःकरणाला समर्थांच्या कुठल्याच समासात जागा नाही.

त्याचा मुलगा ह्यू अधिक व्यवहारी. वडिलांनी राखले, याने विकायला काढले. 1670 साली तो पॅरिसला फ्रांस्वा मोरिसो या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या प्रसूतितज्ज्ञाकडे गेला आणि गुपिताची किंमत सांगितली दहा हजार एक्यू. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण नुसते म्हणतो. ह्यूने आकडा लावला. मोरिसोने माल पाहून दाम देऊ म्हटले. त्याच्याकडे एक बाई होती, वय 38, अंगाने खुजी, मुडदुसाने कमरेची हाडे इतकी आवळलेली की मुलाला वाटच नव्हती. आठ दिवस ती कळा देत होती. मोरिसोने स्वतः हात टेकले होते.

ह्यू म्हणाला, पाव तासाच्या आत मोकळी करतो. दार लागले. पाव तास गेला, तास गेला, तीन तासांहून अधिक वेळ गेला. शेवटी तोच दमून बाहेर आला आणि हे होणे नाही म्हणाला. ती बाई दुसऱ्या दिवशी गेली, मूल पोटातच. नंतर उघडून पाहिले तर गर्भाशय जागोजाग फाटले होते. हे मोरिसोने सविस्तर लिहून ठेवले आहे. बाईचे वय आपल्याला कळते, हाडांची ठेवण कळते, कळांचे दिवस कळतात, ह्यूने सांगितलेला भाव कळतो. तिचे नाव कळत नाही. सौद्याच्या कागदात नमुन्याच्या मालाचे नाव घालायची पद्धत नसते.

इथेही ह्यूच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्या तीन तासांत त्याने कोणाला आत येऊ दिले नाही. बाई गेली, दहा हजार गेले, अब्रू गेली. गुपित तेवढे जसेच्या तसे लंडनला परत आले. सोबत मोरिसोचे पुस्तक आले. 1672 साली ह्यूने त्याचे इंग्रजी भाषांतर छापले आणि प्रस्तावनेत वाचकांची क्षमा मागितली, ती अशी: आकडा न लावता अडलेले मूल काढायची युक्ती आमच्या घरात आहे, पण वडील आणि भाऊ त्यावरच पोट भरतात, तेव्हा ती जाहीर करणे मला एकट्याला शोभणार नाही. पुस्तक खपले, आणि प्रस्तावनेमुळे घराण्याची जाहिरातही झाली. भावाच्या पोटावर पाय देऊ नये म्हणून गावच्या बायका मरू देणारा असा कुटुंबवत्सल पुरुष आता एकत्र कुटुंबातसुद्धा सापडत नाही.

1688 साली जून महिन्यात दुसऱ्या जेम्सची राणी, मोडेनाची मेरी, बाळंत व्हायची होती. ह्यूलाही बोलावणे गेले, पण तो पोचेपर्यंत राजपुत्र जन्मून मोकळा. त्या खोलीत पेटी नाही, पट्टी नाही, बंद दार नाही. राजा, मंत्री, सरदार, त्यांच्या बायका, अशी भरगच्च सभा पलंगाभोवती उभी. कॅथलिक वारस नको असलेल्यांनी तरीही उठवले की हे मूल राणीचे नव्हेच, अंथरूण शेकायच्या निखाऱ्यांच्या झाकणदार भांड्यात घालून बाहेरून आत आणले. बिचाऱ्या राजाने ऑक्टोबरात चाळीसहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. कोणाचा विश्वास बसला नाही. वर्ष संपायच्या आत तो गादी सोडून फ्रान्सला पळाला. बंद दाराआडून चेंबरलेन सांगतील ते मात्र लोक मानत होते.

ह्यूचा भाऊ पॉल यालाही विसरता कामा नये. दात येताना मुले दगावतात, अशी तेव्हाची समजूत. लंडनच्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांत ‘दात’ हे मरणाचे एक कारण म्हणून खुशाल छापलेले असे. त्यावर पॉलच्या नावाने एक माळ विकली जाऊ लागली. मण्यांची, बाळाच्या गळ्यात घालायची, भाव पाच शिलिंग. दात येणे सुलभ होते आणि आईला घातली तर बाळंतपणही, असा तिचा महिमा. वर्तमानपत्रांत तिच्या जाहिराती, तिच्यावर पत्रके, ती कोणालाही मिळे, कुठेही मिळे. ज्या घराण्याने खरोखर चालणारी वस्तू पेटीत ठेवली, त्याच घराण्याचे नाव न चालणाऱ्या वस्तूवर एवढ्या सढळ हाताने मिरवावे, यात मला विसंगती दिसत नाही. चालणारी वस्तू मोजक्यांनाच द्यायची असते. न चालणारी सगळ्यांना दिली तरी तुटवडा पडत नाही.

आणि गुप्ततेला नावे ठेवणाऱ्यांनी जरा 1726 सालाकडे पाहावे. दुसरा ह्यू अजून हयात होता, चिमटा अजून पेटीत होता. त्या वर्षी सरे परगण्यातल्या गोडॅल्मिंग गावी मेरी टॉफ्ट नावाची गरीब बाई सशांना जन्म देऊ लागली. गिल्डफर्डचा जॉन हॉवर्ड बाळंतपणे करणारा. त्याने एकामागून एक ससे, खरे तर सशांचे तुकडे, स्वतःच्या हातांनी काढले आणि लंडनला पत्रे धाडली. राजवाड्यातला शरीरशास्त्रज्ञ नॅथॅनिएल सेंट आंद्रे धावत आला. त्याने सशाच्या फुप्फुसाचा तुकडा कापून पाण्यात टाकला. तुकडा तरंगला. फुप्फुस तरंगते ते आत हवा गेली म्हणून. म्हणजे हा ससा कधीतरी बाहेर, मोकळ्या हवेत श्वास घेऊन आलेला. प्रयोग अचूक होता. उत्तर पाण्यावर तरंगत होते. सेंट आंद्रेने ते पाहिले आणि ससे अद्‌भुत आहेत असा निष्कर्ष काढला.

यामागे सिद्धान्त होता. पोटुशी बाई जे पाहते, जे तिला खावेसे वाटते, त्याची छाप गर्भावर उमटते, असे भले भले मानत. आणि मेरी सांगत होती की शेतात ससा दिसला, मागे धावले, हाती लागला नाही, तेव्हापासून मन सशातच आहे. डोहाळे पुरवावेत हे आपणही म्हणतो, पण ससा मिळाला नाही तर ससा होतो, एवढे आपले शास्त्र पुढे गेले नव्हते. राजाने पाठवलेला आलर्स हा दुसरा सर्जन जरा अरसिक निघाला. त्याला एका सशाच्या पोटातल्या लेंड्यांत गवत नि धान्य सापडले. गर्भाशयात धान्य कुठून, अशी शंका त्याला आली. सेंट आंद्रेला आली नाही. त्याने तर सगळी हकीकत झटपट छापूनही टाकली. नोव्हेंबर संपता संपता मेरीला लंडनला आणून डॉक्टरांनी पाळत ठेवली, आणि ससे थांबले. चार दिवसांत एक हमाल कबूल झाला की चोरून ससा आणून द्यायला मला सांगितले होते. मग तिचे अंतरंग शस्त्राने तपासावे लागेल, असे त्या डॉक्टरांपैकी सर रिचर्ड मॅनिंगहॅमने बजावल्यावर 7 डिसेंबरला मेरीही कबूल झाली. चित्रकार हॉगार्थने या प्रकरणावर चित्र काढले, सेंट आंद्रेची पत गेली. आता सांगा: ज्याला छापायची घाई होती त्याने ससे छापले, आणि ज्यांनी सव्वाशे वर्षे गुपिताचे एक अक्षर छापले नाही त्यांच्या पेटीतली वस्तू खरी निघाली. सेंट आंद्रेला त्याचे पुस्तक लोकांनी कायम ऐकवले. चेंबरलेनांना कोण काय ऐकवणार?

दुसरा ह्यू 1728 साली वारला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याचे भव्य स्मारक आहे, संगमरवरी, लॅटिन लेखासह. सुरुवातीला म्हटले तसे असल्या माणसांना कोणी नारळ देत नाही; संगमरवर कधीमधी देतात. त्याला मुलगा नव्हता, आणि मूठ तिथून सैल व्हायला लागली. पाच वर्षांनी, 1733 साली, एडमंड चॅपमन या एसेक्समध्ये काम केलेल्या सर्जनने चिमटा कसा लावायचा ते छापले, आणि पुढच्या आवृत्तीत चित्रही दिले. बदल्यात काही मागितले नाही. त्याचे स्मारक अ‍ॅबीत नाही, हे ओघानेच आले.

डॉक्टर पीटर राहिलेले वुडहॅम मॉर्टिमर हॉल हे घरही एसेक्समध्येच. 1813 साली तिथल्या माळ्यावरची जमीन कोणीतरी उचकटली, तर खाली एक पेटी. तिच्यात चिमट्यांच्या जोड्या होत्या, एक नव्हे तर अनेक, निरनिराळ्या काळातल्या घडणीच्या. सुधारणा करत नेलेल्या. जोडीला काही पत्रे, बारीकसारीक चिजा, आणि कागदात गुंडाळलेला एक दात. कागदावर लिहिलेले, हा माझ्या नवऱ्याचा शेवटचा दात. डॉक्टराच्या बायकोने ती पेटी दडवली असावी असे मानतात. नवऱ्याच्या तोंडातला उरलासुरला दात आणि युरोपभरच्या अडलेल्या बायकांची सुटका, दोन्ही तिने सारख्याच मायेने एका जागी ठेवले. संसारी बाई, टाकवत नाही काही.

एक हिशेब तेवढा राहिला, तो हॉलंडचा. पहिल्या ह्यूने जमिनीच्या तारणावर चालणारी बँक काढायची योजना आखली होती, ती बुडाली, आणि 1699 साली तो कर्जाच्या भीतीने हॉलंडला गेला. रॉजर व्हान रोनहायसेन या अ‍ॅम्स्टरडॅमच्या सर्जनला त्याने गुपित विकले, असे सांगतात. तिथे ते या हातातून त्या हातात, भरभक्कम पैसे घेऊन, शपथा घालून, पन्नासेक वर्षे विकले जात होते. मग 1753 साली व्हिस्खर आणि व्हान द पोल या दोघा डॉक्टरांनी ते विकत घेतले आणि दुर्बुद्धी सुचून छापून टाकले. तेव्हा लोकांनी पाहिले, तर पाते एकच. चिमट्याची दोन पाती असतात हे एव्हाना लंडनची शिकाऊ पोरेसुद्धा जाणत होती. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये मात्र सगळे एका पात्यावर भागवत होते. विकणाऱ्याने दुसरे दिलेच नव्हते, की ते मधल्या कुठल्या हातात राहिले, सांगता येत नाही. आधीच्या गिऱ्हाइकांना तक्रार करायची सोय नव्हती. तक्रार करायची तर वस्तू आधी चारचौघांत बाहेर काढावी लागली असती.